बिनटाक्याचा छेद

मनू,

परवा रात्री साडेअकराला स्क्रीनवर तुझं नाव दिसलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. एवढ्या रात्री फोन म्हणजे काहीतरी वाईट. आणि तू धापा टाकत सांगतेस काय, तर "ताई, सोळा केसेस झाल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे कॉर्निया काचेसारखे! सिस्टरनी सुई वाकवून दिली आणि मला एकदम सुचलं. सर म्हणतात पेटंट टाक. तू करशील ना?" मी झोपेतच "उद्या बोलू" म्हटलं आणि तू नुसतं "हं" केलंस. ते "हं" मी ओळखते. दहावीनंतर सायकलऐवजी डिक्शनरी आणली होती, तेव्हाही तू तसंच "हं" केलं होतंस.

म्हणून हे सावकाश लिहितेय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे घरच्या ग्रुपवर टाकण्यासारखं नाही. तिथे लगेच 'आपल्या मनूला पेटंट' म्हणून फुलांचे गुच्छ सुरू होतील. बहीण पेटंट एजंट, तिच्या घराचा हप्ता पेटंटांवर फिटतो, आणि तीच तुला "नको" म्हणते, हे विचित्र वाटेल. पण ऐकून घे.

आधी सरळ उत्तर. भारतात मिळणार नाही. आपला पेटंट कायदा १९७० चा. त्यातल्या तिसऱ्या कलमात 'शोध' कशाला म्हणायचं नाही याची यादी आहे, आणि त्यातलं 'आय' हे पोटकलम तुम्हा डॉक्टर मंडळींसाठी. माणसावर करायची औषधोपचाराची, शस्त्रक्रियेची, रोग बरा करण्याची, टाळण्याची किंवा ओळखण्याची पद्धत पेटंटच्या बाहेर. जनावरांवरची तशी पद्धतही बाहेर. म्हणजे मोतीबिंदू काढताना तू मनगट कसं वळवतेस, सुई छेदाच्या टनेलमधून कुठल्या कोनात नेतेस, न्यूक्लिअस, म्हणजे भिंगाचा कडक गाभा, अलगद कसा सरकवतेस, हे कितीही नवं आणि कितीही हुशारीचं असलं तरी कायद्याच्या लेखी तो शोधच नव्हे.

हे मी तोंडघशी पडून शिकलेय. एजंटची परीक्षा पास होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तालुक्याच्या गावाहून एक हाडांचे डॉक्टर आले. निखळलेला खांदा भूल न देता बसवायची त्यांनी स्वतःची रीत बसवली होती. माझ्या टेबलाशी बसून त्यांनी माझ्याच हातावर ती दाखवली. काय हलकं बोट होतं त्यांचं! मी भारावले. कलम मला पाठ होतं, पण शब्दांनी ते चुकवता येईल असा त्या वयातला माज. 'पद्धत' काढून 'प्रणाली' घातलं. पेशंटला बसवायचं लाकडी स्टूल होतं, त्याचा 'आधार-संच' केला. यथावकाश परीक्षण अहवाल आला, आम्ही त्याला एफईआर म्हणतो, आणि माझ्या पानंच्या पानं दाव्यांना त्यात दोन ओळींचं उत्तर होतं. मग सुनावणी झाली. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, यातला पेशंट आणि डॉक्टर बाजूला काढले तर मागे काय उरतं? स्टूल उरत होतं. अर्ज गेला. डॉक्टर मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता तुझा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. असा कायदा का? औषध शोधणाऱ्या कंपनीला वीस वर्षांचा मक्ता, आणि ज्या हातांनी डोळा वाचवला त्यांना काहीच नाही?

आजी आठव. तुला ती आठवते ती सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या चष्म्यासकट. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तू नव्हतीस. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला उताणी निजवली होती, मान हलवायची नाही. शिंक आली तर टाका तुटेल म्हणून आईने तिचं नाक दाबून धरलं होतं. नंतर टाके काढायला पुन्हा एसटीने जाणं-येणं आलंच. आणि आई? गेल्या वर्षी सकाळी तुझ्याकडे नेली, दुपारी घरी येऊन वरणभात जेवली. टाका नाही. "टाका नाही घातला, मग उघडं नाही ना राहिलं?" असं ती दिवसभर विचारत होती, तेव्हा तू कणकेचा गोळा घेऊन ओट्याशी बसलीस. सुरी सरळ खुपसली तर भोक उघडं राहतं. तिरकी, थरांमधून बोगदा करत नेली, की वरून बोटाने दाबताच तोंड आपसूक मिटतं. डोळ्यात ते बोट म्हणजे आतला दाब. किती छान समजावलं होतंस!

मग मी विचारलं, बाहेरच्या छेदाचा आकार कसा असतो. तू म्हणालीस, "फ्राऊन. कपाळाला आठी पडते ना, तसा." तेव्हा मी चहा गाळता गाळता थांबले होते, तुझं लक्ष नव्हतं. तुला तो छेद रोजच्या वापरातला. मला तो कोर्टाच्या कागदांतून माहीत होता.

त्या आठीच्या छेदावर जॅक सिंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९९१ मध्ये शोधनिबंध लिहिला होता. तिकडे ॲरिझोनात सॅम्युएल पॅलिन नावाचे दुसरे नेत्रतज्ज्ञ होते. जानेवारी १९९२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. यंत्रावर नाही, भिंगावर नाही. टाका न घालता आपोआप मिटणारा छेद घेण्याच्या रीतीवर. १९९३ मध्ये त्यांनी व्हरमाँटमध्ये सिंगरवर आणि त्यांच्या दवाखान्यावर दावा लावला. मागणी केवढी, तर दर शस्त्रक्रियेमागे काही डॉलर. रक्कम किरकोळ होती. हादरा किरकोळ नव्हता. सुरीची दिशा ही कुणाची तरी मालमत्ता आहे, असं डॉक्टरांना पहिल्यांदाच एवढ्या उघडपणे ऐकायला मिळत होतं.

पहिल्यांदा म्हणजे तसं अगदी पहिल्यांदा नव्हे. १८४६ मध्ये बोस्टनला विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल देऊन दाखवली. जगाच्या दुखण्याचा इतिहासच त्या दिवशी बदलला, आणि या गृहस्थांनी काय केलं? ईथर ओळखू येऊ नये म्हणून त्याला रंग-वास लावून 'लेथिऑन' असं भारदस्त नाव दिलं आणि पेटंट घेतलं. कुणी ते फारसं जुमानलं नाही, आणि १८६२ मध्ये कोर्टाने ते मोडीत काढलं. त्यानंतर बराच काळ तिथलं कार्यालय उपचाराच्या पद्धतींना पेटंट देत नव्हतं. १९५४ मध्ये त्यांनी तो नियम सोडला आणि मग हळूहळू काय वाटेल त्यावर पेटंटं निघू लागली. सोनोग्राफीत गर्भ मुलाचा की मुलीचा हे लवकर ओळखायच्या पद्धतीवरसुद्धा १९९१ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलंय. त्याच्या तीन वर्षं आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला होता. एकाच गोष्टीला एक देश मालमत्ता म्हणतो, दुसरा गुन्हा. मी हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पॅलिन यांचा दावा टिकला नाही. मार्च १९९६ मध्ये दोन्ही बाजूंच्या संमतीने हुकूम झाला आणि ते पेटंट सिंगर काय, इतर कुणाही डॉक्टरावर चालवता येऊ नये अशी त्याची गत झाली. तोवर अमेरिकन मेडिकल असोसिएशनने असली पेटंटं घेणं डॉक्टरकीच्या नीतीत बसत नाही असं जाहीर केलं होतं. तिथल्या संसदेतही काही डॉक्टर होते. आयोवाचे ग्रेग गान्स्के प्लास्टिक सर्जन, सिनेटमधले बिल फ्रिस्ट हृदयाचे सर्जन. त्यांच्या खटपटीने सप्टेंबर १९९६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. ती मोठी गमतीची आहे. पेटंट बंद नाही केलं. पेटंट घ्या, भिंतीवर लावा. पण डॉक्टरने किंवा इस्पितळाने नुसत्या हाताने ती पद्धत वापरली तर त्याच्याकडून भरपाईही मागता येणार नाही आणि मनाईहुकूमही मिळणार नाही. वतन दिलं आणि वसुलीचा हक्क काढून घेतला. त्यातही चोरवाटा ठेवल्याच. पेटंट असलेलं यंत्र किंवा औषध त्या पद्धतीत वापरलं, किंवा जैवतंत्रज्ञानाचं पेटंट असलं, की संरक्षण गेलं.

तू म्हणशील, अमेरिकेचं अमेरिकेपाशी, मला काय त्याचं? बरोबर आहे, पेटंट देशाच्या हद्दीपुरतंच असतं. ॲरिझोनातलं पेटंट साताऱ्याच्या शिबिरात कुणाला दाखवता येत नाही. पण एका देशाचा कायदा दुसऱ्या देशात शिरायची एक वाट असते आणि ती कोर्टातून जात नाही. ती व्यापार करारातून जाते.

इथे जरा नीट वाच, कारण माझ्या धंद्यातलं हे खरं मर्म आहे. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली, तिच्यासोबत ट्रिप्स करार आला. त्याच करारामुळे २००५ पासून आपल्याला औषधांवर वस्तू म्हणून पेटंट द्यावं लागलं. १९७० च्या कायद्याने ते बंद ठेवलं होतं आणि त्या आडोशाला आपला स्वस्त औषधांचा उद्योग वाढला होता. त्या ट्रिप्सच्या २७ व्या कलमात, तिसऱ्या परिच्छेदात, एक छोटी ओळ आहे. रोग ओळखण्याच्या, उपचाराच्या आणि शस्त्रक्रियेच्या पद्धती सदस्य देश पेटंटमधून वगळू शकतात. 'वगळू शकतात'. वगळलंच पाहिजे असं नाही. इंग्रजीत तिथे 'मे' आहे, 'शॅल' नाही. आम्ही कागदी किडे या दोन शब्दांवर आयुष्य काढतो. आपलं कलम ३ त्या 'मे'च्या टेकूवर उभं आहे. युरोपने, आपण, इतर कितीतरी देशांनी ती सवलत घेतली. उद्या एखाद्या नव्या करारात सही करताना आपण म्हणालो की ही सवलत आम्ही सोडतो, तर ट्रिप्स मोडल्याचा गुन्हा होत नाही. आपलाच दरवाजा आपण आतून उघडलेला असतो.

कुणी असं मागेल कशाला? मागितलं होतं, बाई. प्रशांत महासागराभोवतीच्या देशांचा टीपीपी नावाचा करार चालला होता. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, व्हिएतनाम, पेरू असे शेवटी बारा देश झाले त्यात. वाटाघाटी बंद दाराआड. २०११ मध्ये अमेरिकेच्या मसुद्याचं बौद्धिक संपदेचं प्रकरण फुटलं आणि त्यात ती ओळ होती: प्रत्येक देशाने रोगनिदानाच्या, उपचाराच्या आणि शस्त्रक्रियेच्या पद्धतींना पेटंट उपलब्ध करून दिलं पाहिजे. 'मे'च्या जागी 'शॅल'. आणि स्वतःच्या डॉक्टरांना १९९६ मध्ये जी ढाल दिली, ती इतरांनीही आपापल्या डॉक्टरांना द्यावी, असं त्या ओळीत चकार शब्द नव्हता. घरातल्या मुलाला हेल्मेट आणि शेजारच्याला नुसती मोटरसायकल.

अशी ओळ आत येते कशी, हे मला फार दिवस कळत नव्हतं. वाटायचं, आरोग्य खात्यातलं कुणीतरी उठून ओरडेल ना! पण त्या टेबलाशी आरोग्य खातं बसलेलंच नसतं. तिथे कापड असतं, गाड्या असतात, दूध पावडर असते. आम्ही तुमच्या कपड्यावरची जकात उतरवतो, तुम्ही आमचं एकोणिसावं प्रकरण मान्य करा, अशी देवघेव चालते. शेकडो पानं असतात. तुझ्या टनेलची ओळ त्यात कुठल्यातरी पोटकलमात निजलेली असते, आणि डोळ्यांचा एकही डॉक्टर ती सही होण्याआधी वाचत नाही. पुढे संसदेला वाटलं की कायदा बदलू, तर आंतरराष्ट्रीय कराराचा भंग झाला म्हणून समोरचा दंड थोपटून उभा. कॅनडाच्या कोर्टांनी दोन औषधांची पेटंटं रद्द केली, तर एलाय लिली कंपनीने नाफ्टा करारातल्या गुंतवणुकीच्या कलमाखाली थेट कॅनडा सरकारवरच कोट्यवधी डॉलरचा दावा लावला होता. २०१७ मध्ये कंपनी हरली खरी. पण तोवर एका देशाला आपल्याच कोर्टाच्या निकालाचं परक्या लवादापुढे समर्थन करत बसावं लागलं.

टीपीपीतली ती ओळ टिकली नाही. मसुदे फुटत गेले, २०१३ मध्ये विकिलीक्सने अख्खं प्रकरण बाहेर काढलं. बाकीच्या देशांनी पाय रोवले, अमेरिकेने ती ओळ आधी पातळ केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ऑकलंडला सह्या झाल्या तेव्हा त्या मजकुरात पुन्हा जुनं 'वगळू शकतात'च होतं. पुढच्याच वर्षी अमेरिका स्वतः करारातून बाहेर पडली. म्हणजे जिच्यासाठी एवढी ओढाताण झाली ती पाहुणी पंगतीला बसलीच नाही.

आपण टीपीपीत कधीच नव्हतो. पण आपणही आता करारांच्या मागे आहोत. आरसेप या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून २०१९ मध्ये बाहेर पडलो, तर जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबरोबरच्या करारावर सही केली. तुझ्या छेदाला त्यातून लगेच धोका आहे असं मी म्हणत नाही, उगीच घाबरवणार नाही. पण त्यातलं बौद्धिक संपदेचं प्रकरण मी रात्री जागून वाचलं. औषधं लोकांपर्यंत पोचवायची तर कंपनीने स्वखुशीने दिलेला परवाना हाच श्रेयस्कर मार्ग, अशा अर्थाचं वाक्य तिथे आहे. बंधन नाही, नुसतं वाक्य. आता मागचं आठव. २०१२ मध्ये आपल्या पेटंट नियंत्रकांनी बायरच्या नेक्साव्हर या कर्करोगाच्या औषधावर सक्तीचा परवाना दिला, म्हणजे बायरची संमती नसताना दुसऱ्या कंपनीला ते बनवू दिलं. महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांचं औषध नऊ हजारांच्या आत आलं. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, तिथेही २०१४ मध्ये परवाना कायम राहिला. तो स्वखुशीचा मार्ग नव्हता. उद्या कुणी नियंत्रकाच्या खुर्चीत बसून असा परवाना लिहायला घेतला, तर ते गुळगुळीत वाक्य कोणी ना कोणी त्याच्यापुढे सरकवेल. करारातली वाक्यं अशीच काम करतात.

असो. वाहवत गेले. तुझ्या सुईकडे येते.

दोन गोष्टी वेगळ्या कर. एक, तुझ्या हाताची रीत. तिला पेटंट नाही, संपलं. दोन, सुई. हत्याराला पेटंट मिळू शकतं, कलम ३ चं ते पोटकलम हत्याराला आडवं येत नाही. एखादी नवी कॅन्युला, नवा हुक, नवी चिमटी असेल तर मी स्वतः फॉर्म भरून देईन. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी सोळाशे रुपये, आणि माझी फी म्हणजे तुझ्या हातची साबुदाण्याची खिचडी. पण मग कॉन्फरन्समध्ये बोलायच्या आधी अर्ज जायला हवा, कारण एकदा चारचौघांत दाखवलंस की नवेपण धोक्यात. फक्त मला खरं सांग, तुझ्या सुईत नवं काय आहे? नेपाळात लहान नावाचं गाव आहे. (हो, गावाचं नावच लहान.) तिथल्या नेत्ररुग्णालयात डॉ. अल्ब्रेख्त हेनिग यांनी १९९७ च्या सुमारास ३० गेजच्या साध्या सुईचं टोक माशाच्या गळासारखं वाकवलं आणि त्याने न्यूक्लिअस बाहेर ओढायला सुरुवात केली. फिशहूक म्हणतात ते हेच ना? तूच ते वापरत होतीस. त्यांनी ते लिहिलं, दाखवलं, आलेल्यांना शिकवलं. तुझी सुई त्याच गळाची धाकटी बहीण दिसतेय मला. मग तिचा परवाना तू कुणाकडे मागितला होतास?

रागावू नकोस. मेहनतीचं काय, हे तुझं म्हणणं मला पटतं. पण औषधाची कंपनी म्हणते, चाचण्यांवर पैसा ओतला, तो वसूल व्हायला हवा. ते खरं किती, खोटं किती, हा वेगळा वाद. तुझी चाचणी कुणाच्या पैशावर झाली? ट्रस्टच्या इस्पितळात, शिबिरातून बसने आणलेल्या सोळा म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर. त्यांनी अंगठे उठवले ते तुझ्यावर विश्वास टाकून. आणि दुसरं असं डोळ्यासमोर आण. एखादा डॉक्टर ऑपरेशनच्या मध्यावर आहे, न्यूक्लिअस अडकलाय, तुझी रीत त्याला आठवते, आणि त्याच क्षणी त्याच्या मनात येतं की हिचं लायसन आपल्या इस्पितळाने घेतलंय का. तुला चालेल?

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. लपवू नकोस, पटकन बाहेर काढ. व्हिडिओ कर, लेख लिही, तारखेसकट. तू मोकळ्या मनाने वाटलंस म्हणून दुसरा कुणी त्यावर हक्क सांगणार नाही, असं मुळीच नाही. जे छापलेलं आहे तेच अडवतं. हळदीचं आठव. सगळे सांगतात, अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं. हळदीचं नव्हतं ते! १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालेलं ते पेटंट हळद लावून जखम बरी करण्याच्या रीतीवर होतं. आजी आपल्या गुडघ्यावर करायची, तीच उपचाराची पद्धत. आपल्याकडे कलम ३ ने दारातच अडवली असती. तिथे ती शिरली आणि मग बाहेर काढायला डॉ. माशेलकरांना उभं राहावं लागलं. मूळचे गोव्यातल्या माशेलचे, तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख. 'आमची आजी लावायची' हे पेटंट कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही. छापील संदर्भ लागतात. त्यांनी बत्तीस जमवून दिले, त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. कुणीतरी १९५३ मध्ये बसून ते कंटाळवाणं टिपण लिहिलं होतं म्हणून.

आता एक गोष्ट, जी मी ऑफिसात कुणापाशी बोलत नाही. मोकळं वाटून टाका म्हणणं सोपं असतं, पण त्यात एक काटा आहे आणि तो पुण्याचा आहे.

टिपूबरोबरच्या १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेकडे कावसजी नावाचा मराठा गाडीवान होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ, विटा भाजणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून मापलं, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोलून दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली आणि फिरवून खाली आणली. जोडावर पाण्यात कालवलेला कात फडक्याला लावून बसवला. काही दिवसांनी तुपात भिजवलेल्या चिंध्या. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने वीस वर्षं मनन केलं, १८१४ मध्ये लंडनला तसंच नाक केलं, १८१६ मध्ये पुस्तक काढलं, आणि तिथून ती रीत युरोपभर गेली. ना करार, ना परवाना. कपाळाच्या कातडीचं नाक तुमचे प्लास्टिक सर्जन आजही करतात.

कावसजीचं नाव राहिलं. पाहणाऱ्या डॉक्टरांची नावं राहिली. कार्प्यूचं तर राहिलंच. ज्याने मेण कापलं आणि कात कालवला, त्याचं नाव कुणी लिहून घेतलं नाही. विटा भाजणारा, एवढंच.

तर व्हिडिओत पहिल्या पाटीवर तुझं नाव घाल, हॉस्पिटलचं घाल, सरांचं घाल. हेनिग आणि लहानचा उल्लेख कर. आणि ज्या सिस्टरनी आर्टरी फोर्सेपमध्ये धरून ती सुई वाकवून दिली, त्यांचं नाव पूर्ण घाल, आडनावासकट; 'ओटी स्टाफ' लिहून मोकळी होऊ नकोस. मराठीतून निवेदन केलंस तर मी स्क्रिप्ट तपासून देते.

रविवारी येतेस ना? येताना एक तशी सुई आण. आई परवा आरशासमोर खालची पापणी ओढून बघत होती आणि मला म्हणाली, "टाका नाही घातला, मग उघडं नाही ना राहिलं गं?" वर्ष झालं. कणीक मी मळून ठेवते.

तुझी,
ताई